कायम की हंगामी?

घरात मुलीसाठी स्थळ सांगून आले की आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, हे जरा आठवून पाहा. ‘मुलगा कसा आहे?’ हा प्रश्न क्वचितच पहिला असतो. पहिला प्रश्न ‘मुलगा काय करतो?’ आणि त्याच्या पाठोपाठ, आवाज थोडा खाली आणून, ‘किती मिळतात?’ आमच्या कसबा बावड्यात या दोन प्रश्नांच्या मध्ये आणखी एक प्रश्न असतो. गावालगतच साखर कारखाना असल्याने साखरधंद्याची भाषा इथल्या घराघरांत शिरलेली आहे. म्हणून आम्ही विचारतो, ‘कायम आहे की हंगामी?’ कायम कामगाराची नोकरी बारा महिन्यांची. हंगामी कामगाराने गळीत संपले की पुढच्या वर्षी बॉयलर पेटण्याची वाट पाहायची. एका शब्दात माणसाची पत ठरवून टाकण्याची ही सोय आम्हाला फार पूर्वीपासून उपलब्ध आहे.

हा प्रश्न मीही विचारला आहे. काही वर्षांपूर्वी धाकट्या भावाच्या मुलीसाठी मोहल्ल्यातूनच एक स्थळ आले. मुलगा नमाजी, निर्व्यसनी, वडीलधाऱ्यांशी अदबीने वागणारा. दूरच्या एका कारखान्यात कामाला. त्याचे वडील पूर्वी कल्हईचे काम करीत. स्टीलची भांडी आली आणि तो धंदा बसला. तेव्हापासून ते पडेल ते काम करतात, आणि मोहल्ल्यात कोणी वारले की मय्यतीला गुसल देण्यासाठी बोलावणे त्यांनाच जाते. माझ्या वडिलांना त्यांनीच गुसल दिले. मी शेजारी उभा राहून पाणी देत होतो. आजारपणात वडिलांचा खांदा दुखत असे. हे त्यांना माहीत होते, म्हणून तो हात त्यांनी इतक्या हळुवारपणे उचलला की जणू वडिलांना अजून दुखले असते. असे हे घर. तरीही मी मध्यस्थाला विचारले, ‘कायम की हंगामी?’ तो म्हणाला, ‘हंगामी.’ मी भावाला म्हणालो, ‘घाई नको.’ आपल्याकडे ‘घाई नको’चा अर्थ सर्वांना कळतो. त्या घरालाही कळला.

पवित्र कुरआनातील सूरह अल-फज्रमध्ये (८९ : १५-२०) मनुष्याच्या एका सवयीचे वर्णन आहे. पालनकर्ता त्याला सुबत्ता देऊन पारखतो तेव्हा तो समजतो, माझ्या पालनकर्त्याने माझा सन्मान केला. आणि त्याची रोजी तंग करून पारखतो तेव्हा तो समजतो, माझा अपमान केला. या दोन्ही समजुतींवर लगेच ‘कल्ला’ असा शब्द येतो. मुळीच नाही! मी ही सूरह लहानपणापासून पाठ म्हणत आलो; पण हा नकार दुहेरी आहे, हे फार उशिरा लक्षात आले. गरिबी म्हणजे अपमान नव्हे, हे आपण वाझमध्ये ऐकतो आणि मान डोलावतो. श्रीमंती म्हणजे सन्मान नव्हे, हा त्याच शब्दाचा दुसरा अर्धा भाग मात्र आपण कानाआड करतो. त्यानंतरच्या आयती तर थेट आपल्याशी बोलतात: तुम्ही अनाथाचा मान राखत नाही, गरिबाला अन्न देण्यास एकमेकांना प्रवृत्त करीत नाही. म्हणजे समजुतीतील ही चूक मनातच राहत नाही. ती वागणुकीत उतरते.

याचा अर्थ सर्वांची मिळकत सारखी असावी, असा नव्हे. सूरह अज-जुख्रुफमध्ये (४३ : ३२) उपजीविकेची वाटणी अल्लाहने केल्याचे आणि काहींना काहींपेक्षा वरचा दर्जा दिल्याचे स्पष्ट म्हटले आहे. पण त्याचे कारणही तिथेच दिले आहे: माणसांनी एकमेकांच्या कामी यावे. आणि लगोलग, तुझ्या पालनकर्त्याची कृपा हे लोक जे गोळा करतात त्याहून उत्तम आहे, असेही सांगितले आहे. गवंड्याला डॉक्टर लागतो, डॉक्टरला गवंडी लागतो. ही परस्परांची गरज आहे. तिची शिडी आपण केली, आणि वर चढून खाली पाहू लागलो.

इथे एखादी आई म्हणेल, ‘मास्तर, तुमचे ठीक आहे. पण मुलीचा संसार काय हवेवर चालतो?’ हा आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देणे बरोबर नाही. फातिमा बिन्त कैस (रजि.) या कुरैश घराण्यातील स्त्रीला मुआविया (रजि.) आणि अबू जहम (रजि.) या दोघांनी मागणी घातली. त्यांनी प्रेषित मुहम्मद (स.) यांचा सल्ला विचारला. प्रेषितांनी स्पष्ट सांगितले की मुआविया निर्धन आहेत, त्यांच्याजवळ मालमत्ता नाही; आणि अबू जहम यांच्या खांद्यावरची काठी खाली उतरत नाही. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. म्हणजे मिळकतीची चौकशी करणे हा गुन्हा नव्हे. स्वतः प्रेषितांनी (स.) ती बाब लपवली नाही. पण पुढे काय झाले पाहा. त्यांनी नाव सुचवले उसामा बिन जैद (रजि.) यांचे, म्हणजे गुलामगिरीतून मुक्त झालेल्या पित्याच्या पुत्राचे. फातिमा (रजि.) यांना आधी ते रुचले नाही. मग त्यांनी ते मान्य केले, आणि पुढे त्या संसारात अल्लाहने इतके भले ठेवले की इतरांना त्यांचा हेवा वाटे, असे त्यांनीच सांगितले आहे. पोट भरण्याची चौकशी झाली. पण कुळाची आणि जुन्या दास्याची गणती झाली नाही. आपण नेमके उलट करतो. ‘पोट भरेल का?’ असे विचारल्यासारखे दाखवतो, आणि मनात हिशेब असतो ‘लोकांना सांगायला कसे वाटेल?’ याचा.

मीही तोच हिशेब केला होता. त्या मुलाच्या मिळकतीत दोन माणसांचे भागले असते; हंगाम नसताना तो रिकामा बसत नसे. मला अडचण होती ती पाहुण्यांत ‘हंगामी’ हा शब्द उच्चारण्याची.

सहीह बुखारीत सहल बिन सअद (रजि.) यांची हदीस आहे. एक मनुष्य जवळून गेला. प्रेषितांनी (स.) विचारले, याच्याविषयी तुमचे काय मत? लोक म्हणाले, हा मागणी घालेल तर लग्न व्हावे, शिफारस करील तर मानली जावी, बोलेल तर ऐकले जावे, अशा योग्यतेचा आहे. नंतर एक गरीब मुसलमान गेला. त्याच्याविषयी लोक म्हणाले, याला कोणी मुलगी देणार नाही, याची शिफारस चालणार नाही, याचे बोलणे कोणी ऐकणार नाही. प्रेषित (स.) म्हणाले, त्या पहिल्यासारख्यांनी सारी पृथ्वी भरली तरी हा एकटा त्याहून उत्तम आहे. माणसाची किंमत लावताना लोकांच्या तोंडी पहिली गोष्ट लग्नाची आली. चौदाशे वर्षांत कसोटी बदललेली नाही.

‘कुफू’चा दाखला देऊन कोणी म्हणेल की आपल्या हनफी ग्रंथांतच विवाहातील बरोबरी पाहताना व्यवसाय धरला आहे. धरला आहे, हे खरे. पण तो त्या-त्या ठिकाणच्या रूढीशी जोडलेला आहे, मुलगी आणि वली राजी असतील तर निकाहाला बाध येत नाही, आणि इमाम मालिक (रह.) यांनी बरोबरी पाहिली ती दीनदारीची. शिवाय ज्या इमामांचे ग्रंथ आपण पुढे करतो त्यांची नावे तरी पाहा. वक्फच्या कायद्यावर ज्यांचा ग्रंथ आजही प्रमाण मानला जातो ते खस्साफ, म्हणजे जोडे शिवणारे. ‘अहकामुल कुरआन’चे कर्ते जस्सास, म्हणजे चुन्याचे काम करणारे. शाफिई पंथातील थोर विद्वान कफ्फाल, म्हणजे कुलुपे बनवणारे. त्यांनी ही नावे लपवली नाहीत. ती घेऊनच ते इतिहासात गेले. आपली नावेही तशीच आहेत. अत्तार, बागवान, तांबोळी, नदाफ, शिकलगार, मणेर, मोमीन. पण कॉलेजात गेलेल्या एका मुलाने मला विचारले होते, ‘सर, आडनाव बदलायला काय लागते?’ त्याचे आजोबा कापूस पिंजत असत.

कामाचीच लाज असती तर एक वेळ समजून घेता आले असते. पण तसेही नाही. जो तरुण इथे प्लंबिंग करतो म्हणून त्याला मुलगी मिळत नाही, तोच सौदीला जाऊन तेच पाइप जोडू लागला की ‘मुलगा परदेशी असतो’ असे मोठ्या आवाजात सांगितले जाते. हात तेच, पाना तोच. बदलले ते चलन. मग मान कशाला दिला? आणि उलट बाजूने, इस्लामने ज्या एका कसोटीवर धंदा पारखायला सांगितले, हलाल की हराम, तो प्रश्न मोठ्या पगारापुढे विचारायचे धाडस आपल्यात किती जणांना होते?

आता जरा घराबाहेर पाहू. दिवाळीनंतर बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड मजूर आमच्या जिल्ह्यात उतरतात. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते. मग हंगामभर ती तोडीतून फेडायची. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात ‘एक कोयता’ म्हणतात. ‘यंदा किती कोयते आले?’ असा प्रश्न विचारला जातो. दोन जिवंत माणसे, बहुधा सोबत लहान मूल, आणि हिशेबात एक हत्यार. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, अशी शिकवण देणारी हदीस आपण भिंतीवर लावतो. पण ती हदीस मजुराला आधी माणूस धरते, हे तिच्यात न सांगता सांगितलेले आहे.

याच कसबा बावड्यात २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. त्यांच्या आरक्षणाची, १९०६ साली त्यांनी उभारलेल्या मुस्लिम शिक्षणसंस्थेची आठवण आपण कृतज्ञतेने काढतो. मला मात्र गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानाची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या या गृहस्थाला महाराजांनी भर कोल्हापुरात हॉटेल काढायला मदत केली. लोक तिथे जाईनात, तेव्हा महाराज स्वतः तिथे थांबून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही प्यायला लावू लागले. पैसे देऊन ते थांबले असते तर दुकान उभे राहिले असते, मान उभा राहिला नसता.

आणि निव्वळ मान देऊन पैसे न देणे हीही एक युक्ती आहे, जी आपण मशिदीत वापरतो. कियामतच्या दिवशी मुअज्जिनांच्या माना सर्वांत उंच असतील, अशी हदीस आपल्याला पाठ आहे. पण एका मशिदीच्या बैठकीत मुअज्जिनचा पगार वाढवण्याचा विषय निघाला तेव्हा एक सदस्य म्हणाले, ‘त्यांना खर्च काय? जेवण तर घरोघरून येते.’ सर्वजण हसले. मीही हसलो असेन. त्या खोलीतील एकानेही आपली मुलगी एखाद्या मुअज्जिनला दिलेली नव्हती. नमाजच्या सफमध्ये आम्ही खांद्याला खांदा लावून उभे राहतो, ते खरे. सलाम फेरून चपला पायात घातल्या की ज्याची-त्याची जागा परत मिळते.

माझ्या पुतणीचे लग्न पुढे दुसरीकडे झाले. ती सुखात आहे, अल्हमदुलिल्लाह. तो मुलगाही सुखात आहे. म्हणजे या गोष्टीत कोणाला शिक्षा झाली नाही, आणि म्हणूनच मी ती बरीच वर्षे विसरू शकलो. नंतर कधीतरी बुखारीतील ती हदीस पुन्हा वाचनात आली: ज्याने आपल्या भावाच्या अब्रूला धक्का लावला असेल त्याने आजच माफी मागून घ्यावी, ज्या दिवशी दिनार नसेल आणि दिरहमही नसेल तो दिवस येण्यापूर्वी. सारी उमर मी दिनार-दिरहमनेच माणसे मोजली होती.

मागच्या महिन्यात असरनंतर मी त्यांच्या घरी गेलो. कल्हईची जुनी भाती कोपऱ्यात अजून ठेवलेली होती. त्यांनी चहा सांगितला. पावसापाण्याच्या, गुडघेदुखीच्या गोष्टी झाल्या. चहा संपला तरी मला सुरुवात जमेना. शेवटी कसेबसे म्हणालो, ‘भाई, त्या वेळी स्थळाला मी नाही म्हणालो होतो. मुलात काही उणे नव्हते. मी माफी मागायला आलोय.’

ते बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, ‘मास्तर, तुमची पोरगी सुखात हाय न्हवं?’

मी म्हणालो, ‘आहे.’

‘मग झालं तर. मगरिबची वेळ होत आली, चला.’