नवशिक्याची दोरी

आमच्या घरात सॅमन मासा धरायची तेरा फुटी काठी आहे, हे मी सहसा कोणाला सांगत नाही. माजलगावसारख्या गावात बँकेतल्या कारकुनाबद्दल लोक आधीच पुष्कळ काही बोलतात. त्यात ही भर कशाला?

ही काठी माझ्या भाच्याची. तो स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनला तेलाच्या कंपनीत आहे. तिथे डी नावाची नदी आहे आणि कमरेएवढ्या थंडगार पाण्यात उभं राहून सॅमन धरणं हा तिथल्या मोठ्या माणसांचा छंद आहे. भाचाही त्या नादाला लागला. मागच्या दिवाळीत तो आला तेव्हा आपली जुनी काठी घेऊन आला आणि म्हणाला, "मामा, ही तुम्हाला. रिटायर झाल्यावर काय करणार, याची काळजी मिटली." मला रिटायर व्हायला अजून चौदा वर्षं आहेत. पण परदेशातून आलेल्या भाच्याला आपलं वय सांगत बसू नये. काठी चार तुकड्यांत, गुळगुळीत काळ्या नळीत. सोबत चकचकीत रीळ. फक्त दोरी नव्हती. "दोरी तुम्ही निवडा. दोरी निवडणं हाच अर्धा छंद आहे," एवढं बोलून तो विमानात बसला.

आता आमच्या बीड जिल्ह्यात सॅमन नाही, हे वेगळं सांगायला नको. मुंबईच्या हॉटेलांत रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण त्याचा खऱ्या सॅमनशी काही सोयरसंबंध नाही. भाव वाढवण्यापुरतं ते आडनाव. आमच्याकडे मासा कुठला, हा प्रश्न नंतरचा. पाणी आहे का, हा आधीचा. 2016 च्या उन्हाळ्यात आमच्याच जिल्ह्याच्या हद्दीवरचं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा मुलखात माणसाने दोन्ही हातांनी धरायची काठी घेऊन उभं राहावं, म्हणजे पाऊस पडण्यासाठी काही अघोरी विधी चालला आहे, असंच लोक समजणार. तरी पण माजलगावला सिंदफणेवर धरण आहे, पाऊसकाळ बरा झाला तर ते भरतं, आणि त्यात रोहू, कटला, चिलापी, मरळ हे सगळे सज्जन नांदतात.

बाजारात जाळी-दोऱ्यांचं दुकान आहे. तिथे गेलो.

"तंगूस द्या."

"जाड का बारीक?"

"सॅमनसाठी."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं. "ते माहीत नाही. मरळीला हा चालतो," म्हणून त्याने एक हिरवट गुंडाळी पुढे टाकली. ती मी घेतली आणि घरी येऊन भाच्याला फोन केला. भाचा इतका हसला की त्याचं हसणं मला पौंडात मोजावंसं वाटलं.

त्याने समजावलं ते असं. आपल्याकडे गळाला शिसं बांधतात. शिसं जड, ते फेकलं की दोरा बिचारा त्याच्यामागे जातो. त्या लोकांच्या गळाला शिसं नसतं. पिसं नि रेशीम बांधून केलेली एक खोटी माशी असते, आणि तिला वजन असं नसतंच. मग फेकायचं काय? तर दोरीच फेकायची. म्हणून दोरी जाड, वरून प्लॅस्टिकचा लेप दिलेली, मध्ये लठ्ठ आणि टोकाकडे निमुळती. तिच्या वजनाने काठी वाकते आणि काठी सरळ होताना दोरीला भिरकावते. म्हणजे काठीला बळ दोरीने द्यायचं आणि नाव मात्र काठीचं. हे ऐकून मला आमच्या शाखेची आठवण झाली. पण ते असो.

वजन मोजायचं ग्रेनमध्ये. एक ग्रेन म्हणजे सुमारे 65 मिलिग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास. माझ्या काठीवर 'आठ-नऊ' असा नंबर होता. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. नंबर दिसला की मला धीर येतो. कोष्टक शोधलं. आठ नंबरच्या दोरीच्या पहिल्या 30 फुटांचं वजन 210 ग्रेन. चला, सुटलं! तेवढ्यात कळलं की हे कोष्टक एका हाताने धरायच्या काठीचं. दोन हाती काठीचा आठ नंबर वेगळा. त्याची दोरी दुपटीहून जड. नंबर तोच, नाव तेच, वजन दुप्पट! हे जगात आणखी कुठे चालत असेल असं वाचकांना वाटत नसेल, तर त्यांनी कधी कर्ज घेतलेलं नाही. आठ टक्के 'फ्लॅट' आणि आठ टक्के 'घटत्या शिलकेवर' हेही असेच जुळे भाऊ. तीन वर्षांच्या कर्जावर पहिला भाऊ दुसऱ्याच्या हिशेबाने चौदा-पंधरा टक्क्यांना पडतो. समोरच्या माणसाला आठाचा आकडा ऐकू येतो आणि तो सही करतो.

बरं, वजन ठरलं तरी लांबी राहिलीच. दोरीचा जो लठ्ठ भाग, तो लांब असावा की आखूड? साठ-सत्तर फुटांचा असला तर तयार माणूस ती डौलात फेकतो. नवशिक्याच्या गळ्याला मात्र तिचा वेढा पडतो. म्हणून त्याने तीस-चाळीस फुटांचा आखूड भाग घ्यावा, आणि वजन पारड्यात थोडं जडच घ्यावं. जड दोरी हात चुकला तरी काठी वाकवते, आणि काठीत जोर कधी भरला ते हाताला कळवते. दोरी तरंगणारी असावी, बुडणारी नको. बुडालेली दोरी वर उपसायला कसब लागतं. शिवाय तरंगणारी दोरी आपण केलेला घोळ पाण्यावर जसाच्या तसा मांडून ठेवते.

यावर भाच्याच्या मित्रमंडळींत दोन तट आहेत म्हणे. एक तट म्हणतो, नवशिक्याला चुका पोटात घालणारी दोरी द्या, म्हणजे तो टिकेल. दुसरा म्हणतो, चुका पोटात घालणाऱ्या दोरीने चुकाच अंगात मुरतात. पहिल्यापासून कठोर दोरी द्या. मी पहिल्या तटाचा. बँकेत लागलो तेव्हा पहिल्या दिवशी आमच्या हेड कॅशियरनी मला दहाच्या नोटांची बंडलं मोजायला दिली. पाचशेच्या नोटा समोर असून दिल्या नाहीत. "चुकलास तर दहाच्या पटीत चुकशील," म्हणाले. कमी भरलेली रक्कम कॅशियरच्या खिशातून जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. संध्याकाळी वीस रुपये कमी आले. मी ते भरले आणि रात्री जेवलो नाही. पाचशेच्या दोन नोटा गेल्या असत्या तर बहुधा दुसऱ्या दिवशी कामावरच गेलो नसतो. त्यांनी मला आखूड आणि जड दोरी दिली होती.

इथपर्यंत सगळं हौसेने चाललं होतं. घोटाळा झाला तो भाच्याने सहज बोललेल्या एका वाक्याने. तो म्हणाला, "मामा, गंमत म्हणजे सॅमन समुद्रातून नदीत आला की खाणंच सोडतो. अंडी घालायला वर जातो, तेवढ्या प्रवासात अन्न घेत नाही."

"मग माशी कशाला धरतो?"

"ते नक्की कोणालाच ठाऊक नाही. सवयीने म्हणा, चिडून म्हणा. समोर आली म्हणून धरतो."

"आणि धरल्यावर तुम्ही खाता?"

"छे! सोडून देतो. आमच्या नदीवर तसा शिरस्ताच आहे. मासा कमी होत चाललाय."

हे मी घरी जेवताना सांगितलं. आई माळकरी, तिच्या गळ्यात तुळशीची माळ. माझ्या हातात गळ येणार या कल्पनेनेच तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला होता. आमच्या जिल्ह्यात आष्टी तालुक्यात सावरगावला मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. शंकर पार्वतीला उपदेश करत होते, तो माशाच्या पोटातल्या गर्भाने ऐकला, ही कथा आईने मला लहानपणी शंभरदा सांगितलेली. तिच्या मते मासा हा ऐकणारा प्राणी आहे. ती एवढंच म्हणाली, "पोटासाठी धरणाऱ्याला देव विचारत नाही रे. ज्याला भूक न्हाई त्याला कशाला बोलवायचं?"

तो घास माझ्या घशात अडकला. कारण 2019 चा मार्च महिना.

मार्चमध्ये बँकेत काय चालतं, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. ठेवी आणि कर्जं तर असतातच. शिवाय विम्याच्या पॉलिसी विकायच्या असतात. माझ्या नावावर दोन कमी होत्या. एक ऊसतोड कामगार सांगलीकडचा हंगाम संपवून आला. मुकादमाची उचल फिटून वीस-एक हजार उरले होते, ते एक वर्षासाठी ठेवायचे म्हणाला. वयाने माझ्याएवढाच, पण दिसायला माझा काका. त्याला विमा नको होता. त्याला भूक नव्हती. मी एक रंगीत माशी पाण्यावर टाकली: दहा वर्षांनी एवढे मिळतील, शिवाय जिवाला जोखीम नाही. तो म्हणाला, "साहेब, तुमी म्हणता म्हंजे चांगलंच असंल," आणि सही केली. मी एक शब्दही खोटा बोललो नाही. दर वर्षी वीस हजार भरावे लागतील हेही सांगितलं होतं. फक्त शेवटी सांगितलं, आणि तरंगणाऱ्या आवाजात नाही.

पुढच्या वर्षी त्याच्याजवळ वीस हजार नव्हते. पॉलिसी बंद पडली. तशा पॉलिसीत एकच हप्ता भरला असला तर हातात काही पडत नसे. पहिले वीस हजारही गेले.

आता भाच्याची मंडळी मासा सोडून देतात. विम्यातही सोडून द्यायची मुदत असते. पॉलिसी हातात पडल्यापासून तेव्हा 15 दिवस होते, 2024 पासून 30 झाले. तेवढ्यात कागद परत केला तर किरकोळ कापून पैसे मिळतात. ही मुदत मला तोंडपाठ होती. मी त्याला ती सांगितली नाही. सांगू नये असं कोणी मला म्हटलंही नव्हतं. त्या पंधरा दिवसांत तो पासबुक भरायला एकदा आलाही होता. मी त्याला चहा पाजला.

मला कोणीही हेच सांगेल की सही त्याने केली, सज्ञान माणूस आहे, तोंड त्याने उघडलं. सॅमनबद्दलही असंच म्हणता येतं. पण हे म्हणणारे सगळे काठीच्या जाड टोकाला उभे असतात, ही एक अडचण आहे. दुसरी अडचण अशी की नोकरी सोडून मी कीर्तनकार होण्यासारखा नाही, गळा नाही. पॉलिसी आजही विकाव्या लागतात. आता मी मुदत आधी सांगतो आणि हप्ता त्याच्याही आधी. गेल्या मार्चमध्ये माझ्या नावावर पाच कमी होत्या.

तो माणूस गेल्या वर्षी कारखान्यावर निघण्याआधी आला होता. मी स्लिप भरताना विषय काढला, मुदतीचंही सांगितलं, आणि निम्मे पैसे मी देतो, असं पुटपुटलो. तो थोडा वेळ काउंटरवरच्या पेनाच्या दोरीशी खेळत राहिला. मग म्हणाला, "जाऊ द्या, साहेब. लई दिस झाले." आणि अंगठ्याने दोरी सरळ करून निघून गेला. यातून मला काय समजायचं होतं, ते मी अजून ठरवलेलं नाही. घरी ही म्हणाली, "निम्मे का?" तेही ठरवलेलं नाही.

दोरी मात्र शेवटी मागवली. तरंगणारी, आखूड, थोडी जड. किंमत हिला निम्मीच सांगितली. गळ मागवला नाही. नवशिक्याने टोकाला नुसता लोकरीचा गोंडा बांधून सराव करावा, असं तिकडेही सांगतात. मग तेवढ्यावरच थांबलं तर कोणाचं काय बिघडलं? आईने आपल्या जुन्या स्वेटरची लाल लोकर काढून दिली आणि अबोला सोडला.

रविवारी सकाळी धरणावर जातो. हा फेकीचा प्रकार स्पे नावाच्या नदीवर निघाला म्हणतात. तिथे पाठीमागे झाडं दाट, दोरी मागे भिरकावायला जागा नाही. म्हणून दोरी पाण्याला टेकवून, वळसा देऊन पुढे फेकायची. माझ्या पाठीमागे काळी जमीन आणि तीन बाभळी आहेत. त्यांतल्या एकीत माझी दोरी महिन्यातून दोनदा तरी अडकते. जोर वरच्या हाताने लावायचा नाही, खालच्या हाताने ओढायचं, हे कळायला मला दोन महिने लागले. एकदा मात्र दोरी अशी काही सरळ, सावकाश उलगडत गेली, की मी इकडेतिकडे पाहिलं, कोणी पाहिलं का म्हणून.

पाहिलं होतं. धरणातली मासेमारी भोई मंडळींच्या संस्थेकडे आहे; त्यांच्यातला एक दादा थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं ओढत येत होता. काठाला लागून त्याने काठी पाहिली, रीळ पाहिलं.

"काय करायलात, साहेब?"

"शिकतोय."

"लागलं का काही?"

"नाही. गळच नाही लावलेला."

त्याने दोरीचं टोक हातात घेतलं. लाल गोंडा उलटापालटा करून पाहिला. संस्थेची पावती लागते म्हणून मी खिशात हात घालू लागलो, तर तो म्हणाला, "राहू द्या. गळच न्हाई तर पावती कशाची फाडू?" आणि जाळ्यातल्या चिलाप्या टोपलीत ओतू लागला.