दाबणारा कोण?

ठाकुर्लीतल्या जवळपास प्रत्येक स्वयंपाकघरात दोन दारं रबरावर बंद होतात, एक कुकरचं झाकण आणि दुसरं फ्रिजचं दार. घरी केक-पाव करणाऱ्यांकडे तिसरंही असतं, ओव्हनचं. तिन्ही ठिकाणचं रबर झिजतं आणि कधी ना कधी बदलावं लागतं. कुकरची रिंग बदलली की काम झालं. ओव्हनचं मात्र तसं होत नाही. नवं गॅस्केट बसवूनही केक एका कडेला कच्चा राहतो, दाराची मूठ चटके देते, वरच्या फटीतून ऊन झळ तोंडावर येते. मग नव्या गॅस्केटला दोष दिला जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. रबर आपण होऊन काहीच बंद करत नाही. त्याला कोणीतरी दाबून धरावं लागतं, आणि हा दाबणारा प्रत्येक यंत्रात वेगळा असतो. तो कोण, हे एकदा कळलं की गॅस्केट कधी बदलायचं आणि कसं बदलायचं, हे बरंचसं आपोआप उलगडतं.

मुळात दोन पत्र्यांमध्ये मऊ काही घालावंच का लागतं? कारण घरगुती भांड्याच्या दोन कडा एकमेकींना कधीच पुऱ्या टेकत नाहीत. पत्रा किंचित वाकलेला असतो, आणि तापला की वाढतोही. पोलादाची ५० सेंटिमीटरची कड २०० अंशांनी तापली की सव्वा मिलिमीटरच्या आसपास लांबते. थंडपणी नीट बसणारं दार तापल्यावर तसंच बसेल, याची खात्री नाही. ही बदलती फट बदलत्या आकाराच्या वस्तूनेच भरता येते. दमाच्या बिर्याणीला झाकणाच्या कडेने कणीक लावतात, तिचं काम हेच. कणीक फटीत शिरते, फटीचा आकार घेते आणि वाळून तिथेच बसते. तिचा उपयोग मात्र एकदाच, कारण ती दबते पण उलटून दाबत नाही. रबर उलटून दाबतं. झाकणाने त्याला चेपलं की ते परत फुगायला बघतं, आणि त्या फुगण्याच्या ओढीनेच फट बंद राहते.

आता कुकर घ्या. शिट्टी होताना आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने जास्त असतो, आणि म्हणूनच पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाचा व्यास २० सेंटिमीटर धरला तर त्याचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर होतं. म्हणजे वरणभाताच्या कुकरच्या झाकणावर आतून तीनशे किलोंहून जास्त जोर असतो! एवढा जोर अडवण्यापेक्षा त्यालाच कामाला लावणं जास्त शहाणपणाचं. १९५९ साली सुरू झालेल्या आणि ठाण्यातही कारखाना असलेल्या हॉकिन्सच्या कुकरचं झाकण आतून बसतं, ते याचसाठी. वाफ झाकणाला वर ढकलते, झाकण रिंगेला काठावर दाबतं, दाब वाढेल तसं बंद होणं घट्ट होत जातं, आणि वाफ असेपर्यंत झाकण निघतच नाही. ते किंचित लांबट गोल केलेलं असतं, नाहीतर ते आत जाणार कसं आणि फिरवून काठाला टेकणार कसं?

ही युक्ती स्वयंपाकघरात जन्मली नाही. चोळ्याचं पॉवर हाऊस ठाकुर्लीकरांना सांगायला नको. जीआयपी रेल्वेने आपल्या विजेच्या गाड्यांसाठी १९२९ साली ते उभारलं, आणि तिथली वीज कोळशावर तापणाऱ्या बॉयलरच्या वाफेतून येत असे. बॉयलरच्या ड्रममध्ये माणूस उतरण्यासाठी जे भोक ठेवतात, ते लांबट गोल असतं. त्याचं झाकण तिरकं करून आत घालतात, आतूनच गॅस्केटवर टेकवतात, आणि पुढे वाफच त्याला धरून ठेवते. वाफेच्या यंत्रांवर काम केलेल्यांना हा प्रकार अगदी परिचयाचा. पॉवर हाऊस आता बंद आहे, पण तिथल्या बॉयलरना लागू पडणारा नियम आसपासच्या घरांत रोज शिट्ट्या देतो.

झाकण बाहेरून बसणाऱ्या कुकरमध्येही शेवटी वाफच मदत करते. ती रिंगेच्या आतल्या पोकळ कडेत शिरते आणि कडेला झाकणावर व भांड्यावर पसरवते. सुरुवातीला कडेने फुसफुस होते आणि मग एकदम थांबते, तो हाच क्षण. रिंग जुनी झाली की तिची कड ताठरते, वाफेला ती पसरवता येत नाही आणि फुसफुस थांबतच नाही. अशी रिंग फ्रीझरमध्ये ठेवून वापरण्याचा उपाय घरोघरी चालतो. तो फार तर त्या दिवसापुरता, आणि मला तो पसंत नाही. रिंग स्वस्त आहे, भांड्यांच्या दुकानात टांगलेलीच असते. फक्त आपल्याच कुकरच्या कंपनीची आणि मापाची घ्यावी.

फ्रिजमध्ये दाबणारा लोहचुंबक. मऊ प्लॅस्टिकच्या गॅस्केटच्या पोटात चुंबकाची पट्टी असते आणि ती चौकटीला चिकटते. पूर्वीच्या फ्रिजना बाहेरून खटका असे. आत अडकून मुलं दगावल्यामुळे अमेरिकेत १९५६ साली कायदाच झाला, की फ्रिजचं दार आतूनही उघडलं पाहिजे. खटक्याची जागा चुंबकाने घेतली, कारण त्याने धरलेलं दार आतून ढकललं तरी सुटतं.

ओव्हनकडे यापैकी काहीच नाही. त्या उष्णतेत चुंबकाने दार धरून ठेवणं अवघड, आणि वाफेचा दाब तर धरायचाच नसतो. केकमधली वाफ बाहेर पडावी म्हणून ओव्हनला मुद्दाम वाट ठेवलेली असते. तापलेली हवा हलकी होऊन वर जमते, वरच्या फटीतून बाहेर पडायला बघते आणि खालून गार हवा आत येते. हा सगळा जोर किती? एखाद-दोन पास्कल. कुकरमध्ये तो लाखाच्या घरात जातो. शिवाय ओव्हनचं दार बाहेर उघडतं, म्हणजे जो काही थोडा जोर आहे तोही दाराला गॅस्केटपासून दूरच लोटतो. काही ओव्हनना गॅस्केट तीनच बाजूंना असतं, वर आणि दोन्हीकडे. खालून हवा आत येते, तिथे बंदोबस्ताची तेवढी गरज नसते. साध्या ओटीजीला तर बहुधा गॅस्केट नसतंच.

मग ओव्हनमध्ये दाबतं कोण? बिजागरीतली स्प्रिंग. दार मिटताना शेवटच्या थोड्या अंतरात ते आपणहून आत ओढलं जातं, ते तिच्यामुळे. उघड्या दारावर गरम ट्रे टेकवत राहिलं की वर्षानुवर्षांत बिजागरी ढिली होते. आणि याच काळात गॅस्केटही बदलत असतं. सिलिकॉनच्या रबरात लांबलचक साखळ्या एकमेकींना जागोजागी जोडलेल्या असतात. चेपलेल्या अवस्थेत ते पुन्हा पुन्हा तापलं की जुने जोड तुटतात आणि त्या चेपलेल्या आकारातच नवे जोड तयार होतात. रबर मग तोच आकार आपला मानतं. दार उघडल्यावरही ते सपाटच राहतं, परत फुगत नाही. गॅस्केट बदलायची वेळ म्हणजे ही. ते फाटण्याची वाट पाहायची गरज नाही. बोटाने दाबून ते उलटून येत नसेल, कडक आणि चकचकीत लागत असेल, तर ते संपलं.

बदलण्याआधी ओव्हन बंद करून प्लग काढावा आणि पूर्ण गार होऊ द्यावा. सिलिकॉनच्या गॅस्केटला कोपऱ्यांवर बारीक तारेचे आकडे असतात, ते चौकटीतल्या भोकांत अडकवलेले असतात. एक कोपरा आत दाबून तिरका ओढला की सुटतो. काही ठिकाणी खाच किंवा स्क्रू असतात. बसण्याची जागा कोमट साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावी. सुरीने खरवडू नये, एनॅमल निघतो. नवं गॅस्केट नेमक्या मॉडेलचंच हवं. आधी चारही कोपरे अडकवावेत, मग मधला भाग दाबत जावं. ताणून बसवू नये, कारण ताणलेलं रबर गरम झालं की आखडतं आणि फट कोपऱ्यातच पडते. सांधा असेल तर तो खालच्या बाजूला ठेवावा. काचधाग्याच्या विणीचं गॅस्केट, विशेषतः स्वतःच तापून स्वच्छ होणाऱ्या ओव्हनमधलं, ओल्या फडक्याने घासू नये, धागे सुटतात. पहिल्यांदा ओव्हन रिकामाच, खिडकी उघडी ठेवून तापवावा.

आणि मग स्प्रिंगची परीक्षा. गार ओव्हनचं दार दोन-तीन बोटं उघडं ठेवून सोडावं, ते आपण होऊन मिटलं पाहिजे. त्यानंतर कागदाची पट्टी वरच्या एका कोपऱ्यात धरून दार लावावं आणि ओढून पाहावी, मग दुसऱ्या कोपऱ्यात. दोन्हीकडे ती सारखीच अडली पाहिजे. एकीकडे अडून दुसरीकडे सहज सुटत असेल, तर गॅस्केट परत काढून उपयोग नाही, त्या बाजूची बिजागरी बदलावी लागेल. हे काम कारागिराकडे द्यावं. बिजागरीचा अडसर न लावता दार उतरवलं तर ताणलेली स्प्रिंग सुटते, आणि तिच्या जोराने बोट चेचू शकतं.