तोंड नसलेला वैरी

आमच्या मावळात भाताचा वैरी म्हटलं की खोडकिडा. पण बांधावर उभं राहिलं तर दिसतो तो त्याचा पतंग. मादी पिवळसर, अंगठ्याच्या नखाएवढी. पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका, तीट लावल्यासारखा. नर लहान आणि मळकट.

या पतंगाला खाता येत नाही. तोंड असून नसल्यासारखं. आठवडाभर जगायचं, अंडी घालायची, मरायचं. मादी पानाच्या शेंड्याला पुंजक्याने अंडी घालते आणि आपल्याच शेपटाकडचे केस त्यांवर पांघरते. आठवड्याने अळी निघते, खोडात शिरते आणि खाते ती तीच. पीक कोवळं असलं तर मधला पोंगा सुकतो, ओढला की अलगद हातात येतो. लोंबी निघताना शिरली तर पळींज. भरलेली लोंबी वाकते, ही पांढरी, ताठ उभी. लोणावळ्याकडे गाडीतून जाणाऱ्या पाहुण्याला तीच शोभेची वाटते.

आमचे तात्या माळकरी, मुंगी चुकवून चालणारे. पण लावणीच्या दिवशी रोपांची मूठ धरून विळ्याने शेंडे छाटायचे, अंडी शेंड्यालाच असतात म्हणून. "तात्या, माळ घालून हे चालतं?" मी एकदा विचारलं. म्हणाले, "त्याला तोंड नाय. आपल्या घरात सात हायेत."

हे उत्तर मला पुरतं पटलेलं नाही, आणि त्याहून बरं सापडलेलंही नाही. रात्री दिवा लावून खाली पाण्याचं घमेलं ठेवलं की त्यात पडतो तो न खाणारा. शेंड्याबरोबर मरते ती अजून न जन्मलेली. पुढच्या गुन्ह्याची शिक्षा आधीच. कुठल्या कोर्टात हे टिकेल? पण अळी एकदा खोडात शिरली की हात पोचत नाही. मग वडगाव मावळच्या केंद्राने दिलेला इंद्रायणी असो की जुना आंबेमोहोर, तिला सारखाच.

आता ट्रायकोकार्ड मिळतं. त्यातले बारीक कीटक, गांधीलमाशीची दूरची भावकी, पतंगाच्या अंड्यात आपलं अंडं घालतात. विषारी फवाऱ्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. पण कार्ड पानाला टाचलं म्हणजे मारणारे आपण नव्हे, असं कुणी म्हणालं की मला ती पळवाट वाटते. तात्यांचा विळा त्यांच्याच हातात असायचा.

कापणीनंतर अळी धसकटात उतरून झोपते. नांगर घातला की ती उघडी पडते, आणि बगळे, साळुंक्या तासामागून चालत येतात. तात्या बैल थांबवत नसत.