वीज, रुपया आणि शेजारधर्म

भारत आणि भूतान यांच्यातील मुक्त व्यापाराला १९४९ च्या मैत्री करारातच मान्यता मिळाली होती. मात्र भूतानमध्ये त्या वेळी मोटार जाईल असा रस्ता नव्हता. १९५८ मध्ये पंडित नेहरू भूतानला गेले ते तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर बसून. १९६१ मध्ये भूतानची पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली. तिचा खर्च भारताने उचलला आणि सीमा रस्ते संघटनेने फुंतशोलिंगहून डोंगरात रस्ता नेला.

पण या संबंधांचा खरा कणा वीज आहे. वांगछू नदीवरच्या ३३६ मेगावॉटच्या चुखा प्रकल्पाचा करार १९७४ मध्ये झाला. खर्चाचा ६० टक्के भाग भारताने अनुदान म्हणून दिला, ४० टक्के कर्जाने. तयार झालेल्या विजेतून भूतानने आपली गरज भागवायची आणि उरलेली भारताने घ्यायची, अशी ही रचना होती. कर्ज विजेच्या पैशांतूनच फिटत गेले, शाळा आणि दवाखान्यांनाही त्यातून निधी मिळाला. त्याच नदीवर पुढे १,०२० मेगावॉटचा ताला प्रकल्प उभा राहिला. परदेशी मदतीतून कमावते साधन उभे राहिल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दक्षिण आशियात क्वचितच सापडेल.

पुढे मात्र अटी कडक झाल्या. ७२० मेगावॉटच्या मांगदेछू प्रकल्पात अनुदान ३० टक्क्यांवर आले आणि कर्ज ७० टक्क्यांवर गेले. १,२०० मेगावॉटच्या पुनात्सांगछू-१ प्रकल्पात धरणाच्या जागी २०१३ मध्ये डोंगर सरकला, काम वर्षानुवर्षे रखडले आणि खर्च फुगला. शिवाय हे प्रकल्प नदीच्या वाहत्या पाण्यावर चालतात. पावसाळ्यात वीज उतू जाते, तर हिवाळ्यात प्रवाह आटतो आणि भूतानला भारताकडूनच वीज विकत घ्यावी लागते.

चलनाची गोष्टही अशीच आहे. भूतानचे नुल्त्रुम १९७४ पासून रुपयाशी एकास एक बांधलेले आहे आणि भारतीय रुपयाही तिथे चालतो. त्यामुळे व्यापार सोपा होतो. पण तांदूळ, इंधन, मोटारी, सिमेंट यांची आयात निर्यातीपुढे गेली की रुपयांचा तुटवडा पडतो. २०१२ मध्ये तो इतका तीव्र झाला, की तिथल्या मध्यवर्ती बँकेने रुपये देण्यावर मर्यादा घातल्या.

राजनैतिक पातळीवर १९४९ च्या करारातील एक कलम भूतानला सलत होते. परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालण्याची अट त्यात होती. २००७ च्या नव्या करारात ती गेली आणि परस्पर राष्ट्रहिताचा आदर करण्याचे बंधन दोघांवर सारखेच आले. हा बदल भारताने मनापासून स्वीकारला, हे महत्त्वाचे. तरीही जुलै २०१३ मध्ये, भूतानमधील मतदानाच्या तोंडावर, स्वयंपाकाचा गॅस आणि रॉकेलवरील सवलत थांबली. ती नंतर पूर्ववत झाली, पण आपल्या निवडणुकीवर दबाव आणला गेला ही भावना तिथे उरली. शेजारधर्मात अशी चूक परवडत नाही. याउलट, चार देशांच्या मोटार वाहतूक कराराला २०१६ मध्ये भूतानच्या वरिष्ठ सभागृहाने नकार दिला. बाहेरच्या वाहनांची गर्दी आणि पर्यावरण यांची ती काळजी होती. भारताने हा नकार मानला आणि संबंधांत कटुता आली नाही. असमान आकाराच्या दोन देशांतली मैत्री खरी आहे की नाही, हे मदतीच्या रकमेपेक्षा अशा नकारातून अधिक कळते.

आता भांडवलाचे मार्गही वाढत आहेत. १२६ मेगावॉटच्या दागाछू प्रकल्पात टाटा पॉवर ही मुंबईची कंपनी भागीदार आहे आणि २०२४ मध्ये तिने भूतानच्या सरकारी वीज कंपनीशी मोठा करार केला. खासगी भागीदारीत दर आणि जोखीम कराराने ठरतात. सरकारी प्रकल्पांतल्या वाढीव खर्चाचा भार मात्र दोन्ही सरकारांनाच वाटून घ्यावा लागणार आहे, आणि त्यात लहान शेजाऱ्याच्या फेडीच्या क्षमतेचा विचार आधी व्हायला हवा.