ताटाची साक्ष

अन्नाविषयी बोलण्याची आवड आपल्या समाजात उदंड आहे; अन्नाविषयी खरे सांगण्याची सवय मात्र त्या मानाने बेताचीच. कोणाच्या लग्नात पंक्तीला काय होते, याचे वर्णन आपण रसभरित करतो; पण काल दिवसभरात आपण स्वतः काय आणि किती खाल्ले, असा साधा प्रश्न कोणी विचारला की आपण एकदम सावध होतो. 'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण धनाप्रमाणेच ताटालाही लावून ठेवली आहे. आहारशास्त्राच्या संशोधनात भाग घेण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो, त्याला ही मूठ उघडावी लागते. ती उघडणे हे त्याचे कर्तव्य आहे काय, आणि असल्यास ते कोणाप्रती, हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही.

मला तो पडला एका सामान्य प्रसंगाने. मधुमेह असलेल्या माणसांचा नित्याचा आहार टिपण्यासाठी भिलाईतील आमच्या घरी एक तरुण आहारतज्ज्ञ मुलगी आली होती. तिच्याजवळ मापाच्या वाट्या होत्या, पोळीच्या आकाराची चित्रे होती आणि एक वही होती. गेल्या चोवीस तासांत काय काय खाल्ले, एवढेच तिला विचारायचे होते. मी सारे क्रमवार सांगितले. दुपारच्या चहाबरोबर खाल्लेल्या दोन लाडवांचा उल्लेख तेवढा राहिला. राहिला असे म्हणणे ही पुन्हा लबाडीच होईल. पत्नी शेजारी बसली होती, म्हणून मी तो टाळला. नंतर तिने आमच्याकडे धुणेभांडी करणाऱ्या बाईंना विचारले, कारण त्यांनाही हा विकार आहे. "सकाळी काय खाल्ले?" या प्रश्नाला बाईंनी "रोटी-भाजी" असे उत्तर दिले. वस्तुतः त्या रोज सकाळी बासी खाऊन येतात, हे आमच्या घरात सर्वांना माहीत आहे. रात्रीचा भात पाण्यात घालून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, मिरचीबरोबर तो खायचा, ही छत्तीसगडच्या कष्टकऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची न्याहारी. मुलगी निमूटपणे लिहून घेत गेली. दोन असत्ये एकाच वहीत, एकाच शाईने नोंदली गेली.

भिलाईत राहणाऱ्याला नमुन्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. येथील पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. वितळलेले पोलाद ओतण्यापूर्वी त्यातले थोडेसे काढून प्रयोगशाळेत तपासायचे, हा पोलाद बनवण्याच्या धंद्याचा नियमच आहे. नमुना चुकला तर रूळ चुकतो, आणि त्या रुळावरून कोण कोठे जाणार आहे हे भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक नसते. आहाराच्या संशोधनाचेही असेच आहे. माझे ताट हा एक नमुना. त्यावरून उद्या कोणा अनोळखी रोग्याला सांगितले जाईल की भात इतका खा, डाळ इतकी खा. पण एक भेद आहे, आणि सारा नैतिक प्रश्न त्या भेदातूनच उभा राहतो. पोलादाला कोणी संमती विचारत नाही, आणि पोलाद खोटे बोलत नाही. माणसाला विचारावे लागते, आणि माणूस खोटे बोलू शकतो.

न विचारता मिळवलेल्या ज्ञानाचा इतिहास आमच्या या दुर्ग जिल्ह्याच्या मातीशीच निगडित आहे. भाताचे पीक उभे असतानाच ओल्या शेतात जे बी फेकतात, त्यात तिवरा हे एक मुख्य धान्य आहे. पूर्व विदर्भात याच धान्याला लाख किंवा लाखोळी म्हणतात. पाऊस दगा देवो की जमीन हलकी असो, ते उगवते. म्हणून ते गरिबाचे धान्य झाले. महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून हेच पोटात जाऊ लागले, तर मात्र कमरेखालचे पाय ताठरतात, आणि हा पांगळेपणा पुन्हा बरा होत नाही. ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झालेल्या विल्यम स्लीमन याने १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात सागर भागातील अशी हकिकत नोंदवली आहे. १८२९ पासून तीन वर्षे गारा, अवर्षण आणि तांबेरा यांनी गहू बुडाला, तिवरा तेवढा टिकला; आणि त्यानंतर तरुण माणसे पायांनी अधू होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमारास, रुमानियाच्या ताब्यातील व्हाप्न्यार्का येथील छावणीत ज्यू कैद्यांना हेच धान्य खाऊ घालण्यात आले. तेथे रोगाचे मूळ ओळखले ते कैद्यांपैकीच एक असलेले डॉक्टर आर्थर केस्लर यांनी. सागरचे शेतकरी असोत की व्हाप्न्यार्काचे कैदी, त्यांनी संशोधनात भाग घेतला असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्या ताटात जे पडले ते त्यांनी खाल्ले; त्यांचे पाय हीच त्यांची साक्ष झाली.

हे ज्ञान पुढे उपयोगी पडले, हे खरे. १९६१ साली या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. १९६४ साली भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्यातील विषारी द्रव्य वेगळे केले. गरम पाण्यात भिजवून ते पाणी टाकून दिल्यास त्या द्रव्याचा बराचसा अंश निघून जातो, हे दाखवले गेले. अल्प विषांश असलेली वाणे निपजली. त्यांतले महातिवरा हे वाण रायपूरच्या कृषी विद्यापीठाचे. अशा तीन वाणांना मोकळीक द्यावी, अशी शिफारस २०१६ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या समितीने केली. तथापि ज्यांच्या पायांवरून या ज्ञानाचा आरंभ झाला, त्यांना ते कधीच मिळाले नाही. ज्ञानाचे मोल एकाने द्यावे आणि फळ दुसऱ्याने घ्यावे, ही गोष्ट ज्याने मोल दिले त्याला न विचारता घडली, तर तिला अन्याय म्हणावे लागते. त्याला विचारून, समजावून, त्याच्या राजीखुशीने घडली, तर तिलाच आपण दान म्हणतो.

असे दान केलेली माणसेही आहेत. १९४४-४५ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा येथे युद्धात शस्त्र धरण्यास नकार दिलेल्या ३६ तरुणांनी सहा महिने अर्धपोटी राहण्याचे पत्करले, कारण उपासमारीतून सुटलेल्या माणसांना पुन्हा कसे जेवू घालावे, हे डॉक्टरांना शिकायचे होते. आपल्या घराजवळचे उदाहरण याहून साधे आणि माझ्या मते याहून मोठे आहे. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भवती स्त्रियांच्या आहाराचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, घरचे पाणी भरणाऱ्या या बायकांनी काय खाल्ले ते सांगितले, स्वतःचे वजन करू दिले, रक्त दिले, जन्मलेले मूल मापू दिले. त्या मुलांचे जन्मतः वजन सरासरी सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या मुलांचे सुमारे ३.५ किलो. तरीही वजनाच्या मानाने आपल्या मुलांच्या अंगी चरबी अधिक होती. दिसायला किडकिडीत आणि आतून मेदयुक्त, असे हे भारतीय मूल. पुढील आयुष्यातील मधुमेहाचे एक मूळ तेथे असावे, असा विचार त्यातून बळावला. ज्या आयांच्या जेवणात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा येत, त्यांची मुले अधिक भरली होती, हेही त्या अभ्यासात दिसले.

आता पाहा : हे कळले तेव्हा त्या आयांची बाळंतपणे होऊन गेली होती. त्यांच्या पोटच्या त्या मुलासाठी या ज्ञानाचा उपयोग करण्याची वेळ टळली होती. जो लाभ व्हायचा तो दुसऱ्या कोणाच्या, अद्याप न जन्मलेल्या मुलाला व्हायचा होता. जेवायला बसण्यापूर्वी अतिथीसाठी घास काढून ठेवण्याची रीत आपल्याकडे होती. तो अतिथी कोण, कोठला, येणार की नाही, हे विचारायचे नसे. त्या खेड्यांतील बायकांनी वहीत नोंदवलेला प्रत्येक घास हा अशा अतिथीचा घास होता.

परंतु हे दान आहे म्हणूनच ते कोणाकडून मागून घेता येत नाही, वसूल तर नाहीच नाही. समाजहितासाठी प्रत्येकाने संशोधनात भाग घेतलाच पाहिजे, असे म्हणणाऱ्याच्या मनात पोलादाचा नमुना असतो, माणूस नसतो. १९१५ साली अमेरिकेत मिसिसिपी राज्यात डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी पेलाग्रा हा रोग निकृष्ट आहारातून होतो हे दाखवण्यासाठी तुरुंगातल्या कैद्यांना तसा आहार दिला. त्याबद्दल त्यांना शिक्षामाफी मिळायची होती. सुटकेची किल्ली समोर लोंबत असताना दिलेल्या होकाराला कितपत होकार म्हणावे? याच गोल्डबर्गरांनी पुढच्या वर्षी, रोग संसर्गाने होत नाही हे सिद्ध करण्यासाठी, रोग्यांचे रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतले. पहिल्या प्रयोगाविषयी मन साशंक राहते. दुसऱ्यापुढे मान लवते. आज आपल्या देशातही सहभागी माणसाला नकार देण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचा हक्क आहे, असे संशोधनाचे नियम सांगतात. पण नियम कागदावर असतो, आणि नकार तोंडाने द्यावा लागतो.

येथे मला पुन्हा आमचे स्वयंपाकघर आठवते. बाईंना तिथे विचारले गेले ते आमच्या ओट्यापाशी, मी ऐकत असताना. त्यांना 'नाही' म्हणता आले असते काय? मी जे लपवले ते चैनीच्या लाजेने. त्यांनी जे लपवले ते गरिबीच्या लाजेने. ही दोन असत्ये एका मोलाची नाहीत. शरीराने खर्चलेली ऊर्जा प्रत्यक्ष मोजण्याची साधने आल्यापासून हे चांगलेच कळून आले आहे की माणसे खातात त्याहून कमी सांगतात. माझ्यासारख्यांचे लाडू शास्त्राने हिशेबात धरलेले आहेत. पण सर्वांना वाढून झाल्यावर भांड्यात डाळ उरली नाही, तरी 'मीही डाळ-भात खाल्ला' असे सांगणाऱ्या गृहिणीचे काय? तिच्या एका शब्दाने कोष्टकात तिचे पोट भरते, आणि तिची उपासमार शास्त्राच्या दृष्टीने नाहीशी होते. बाईंनी 'रोटी-भाजी' सांगितले. उद्या त्यांच्यासारख्यांना आहाराचा जो तक्ता मिळेल त्यात रोटी-भाजीच असेल, आणि बासी किती खावी, खावी की न खावी, हे त्यांना कोणीच सांगणार नाही. १ मे २०२२ रोजी श्रमिकांच्या गौरवार्थ बोरे-बासी खाण्याचे आवाहन छत्तीसगडच्या सरकारनेच केले होते. पण एका दिवसाच्या गौरवाने मालकाच्या स्वयंपाकघरातील लाज जात नाही.

म्हणून माझ्यापुरता मी असा निवाडा केला आहे. सहभाग हे दान आहे; ते द्यावे की न द्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि न देणाऱ्याला कोणी दोष देऊ नये. पण एकदा 'हो' म्हटले की सत्य हे दान राहत नाही, ते देणे होते. कारण आपल्या शब्दावर विसंबून कोणी परका माणूस जेवणार असतो. आणि विचारणाऱ्याकडेही तितकेच देणे लागते. खरे सांगणाऱ्याची मान खाली जाणार नाही अशा ठिकाणी, अशा स्वरात त्याने विचारले पाहिजे. आणि मिळालेल्या उत्तरांचे पुढे काय झाले, हे सांगायला त्याने पुन्हा त्याच दारी आले पाहिजे. लाज वाटेल असे विचारून सत्याची अपेक्षा करणे, हा सत्याचा आग्रह नव्हे, सत्याची अडवणूक आहे.

आहाराची नोंद एकाच दिवसाची घेऊन भागत नाही, म्हणून ती मुलगी पंधरा दिवसांनी पुन्हा आली. मी तिला आधी मागच्या खेपेचे दोन लाडू सांगितले. पत्नीने माझ्याकडे पाहिले; तेवढ्याने काही आकाश कोसळले नाही. मुलीने जुने पान काढून दुरुस्ती केली. मग मी तिला सुचवले की बाईंना विचारायचे तर आमच्या घरी विचारू नये. त्यांच्या घरी, त्यांच्या सवडीने, आणि त्यांची इच्छा असेल तरच विचारावे. ती त्याप्रमाणे गेली, असे नंतर कळले. बाईंनी तिला काय सांगितले ते मला ठाऊक नाही. मी विचारलेही नाही. तो प्रश्न विचारण्याचा अधिकार माझा नव्हता.