हन्नेचा लहान झगा

शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय २, वचन १९



हन्नेनें आपला मुलगा दूध तुटल्यावर शिलो येथें नेऊन देवाला वाहिला, ही गोष्ट संडेस्कुलांतील लहान मूलदेखील सांगतें. परंतु पुढच्या एका वचनापाशीं आपण सहसा थांबत नाहीं. हन्ना दर वर्षीं एक लहानसा झगा करी, आणि पतीबरोबर वार्षिक यज्ञास जाई तेव्हां तो शमुवेलास नेऊन देई.

गेल्या वर्षींचा झगा यंदा मुलाच्या अंगास येत नसतो. नवा बेतावयाचा तर मूल किती उंच झालें, हात किती लांबले, याचा अंदाज आईला असावा लागतो. शमुवेल तिच्या दृष्टीआड होता, पण मनाआड नव्हता. तिनें मूल देवाच्या हातीं दिलें, आणि दिल्यावर आपले हात झटकले नाहींत.

आमच्यांतील पुष्कळ आईबाप येथेंच चुकतात. जून महिन्यांत मुलाचें नांव शाळेंत घातलें, दप्तर घेऊन दिलें, कीं आपलें कर्तव्य संपलें असें ते समजतात. विचारल्यास म्हणतात, "पाळकसाहेब, आम्ही अडाणी माणसें, आम्हांस त्यांतलें काय कळतें?" ही सबब मी मान्य करीत नाहीं. हन्नेला वाचतां येत होतें असें शास्त्र कोठेंही सांगत नाहीं. जिला अक्षर येत नाहीं ती आईही म्हणूं शकते, "बाळ, आज शिकलास तें मला वाचून दाखव." मूल अडखळलें तर तें तिच्या कानाला कळतें. दिवेलागणीनंतर तासभर घरांतला टी.व्ही. व मोबाईल बंद ठेवण्यास तरी कोणती विद्या लागते? पंडिता रमाबाईंचे वडील वृद्ध झाले होते, आणि आईला दिवसभर कामांतून उसंत नसे. म्हणून ती माउली पहांटे मुलीला उठवून पाठ देई. त्याच मुलीनें पुढें मूळ भाषांवरून बायबलाचें मराठी भाषांतर केलें.

हन्ना दर वर्षीं शिलोस जाई. आपण मुलाच्या शाळेंत शेवटीं केव्हां गेलों? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितींत निदान पाऊण सभासद पालक, आणि एकंदर निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. तेव्हां सभेस जाऊन नुसता अंगठा उठवून परत येऊं नका. माझें मूल कोठें कच्चें आहे, हें गुरुजींस विचारा.

आतां एक कठीण गोष्ट. बीड व अहिल्यानगर या जिल्ह्यांतून दर हंगामांत कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीस निघतात आणि कित्येक महिने परतत नाहींत. मूल बरोबर गेलें कीं पुस्तक मिटलें. थोरल्या मुलीला तर धाकट्यांस सांभाळावयास मुद्दाम नेतात. उचल घेतलेल्या माणसाला मुकादमास नाहीं म्हणतां येत नाहीं, हें मी जाणतों. म्हणून त्याला दोष देत नाहीं. दोष मंडळीला देतों. कांहीं गांवीं हंगामी वसतिगृहाची सोय असते, तिची चौकशी दसऱ्यापूर्वींच करावी. कांहीं मुलें आजीजवळ राहूं शकतात. आणि ज्या ख्रिस्ती घरीं दोन भाकरी अधिक होतात, त्या घरानें शेजाऱ्याचें मूल तेवढे महिने आपलें मानावें. शमुवेलही परक्याच्याच हाताखालीं वाढला. मात्र मूल मागें ठेवणाऱ्यांनीं झगा विसरूं नये. फडावरून फोन कराल तेव्हां जेवलास काय याबरोबर शिकलास काय, हेंही विचारा.

उपदेशक बंधूंनो, त्याच अध्यायांत एलीही आहे. तो याजक होता, त्याला अडाणीपणाची सबब नव्हती; तरी त्याचे मुलगे बिघडले आणि त्यानें त्यांस आवरलें नाहीं. हें लिहितांना माझी मान खालीं जाते. एका वर्षीं मी सायंकाळच्या भेटी व प्रार्थनासभा यांत इतका गुंतलों, कीं माझ्या मुलाला भागाकार येत नाहीं हें मला त्याच्या शिक्षकांकडून कळलें. घरीं येऊन मीं त्यालाच मारलें. तेव्हां पत्नीनें विचारलें, "त्याची वही तुम्ही शेवटीं केव्हां पाहिली होती?" मला उत्तर देतां आलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून भेटींस निघण्यापूर्वीं आम्ही बापलेक पाटीवर दोन गणितें करूं लागलों. नाताळापर्यंत त्याला भागाकार येऊं लागला; आणि खरें सांगावयाचें तर मीही तो बराच विसरलों होतों.