जैनबी ते झैनब : नावाचे मोल कशात आहे?

अपत्याचे आई-वडिलांवर जे हक्क आहेत, त्यांपैकी चांगले नाव हा एक हक्क आहे. सातव्या दिवशी अकीका करून नाव ठेवण्याची सुन्नत हिंगोली, कळमनुरी, वसमत येथील आपल्या मोहल्ल्यांतही पाळली जाते. त्या निमित्ताने पालक मशिदीच्या इमामाकडे नाव विचारायला येतात. पूर्वी ते म्हणत, "मौलाना, एखादे चांगले नाव सांगा." आता बहुतेक जण म्हणतात, "मौलाना, कोणाचेच नसेल असे नाव सांगा." या दोन मागण्यांत एका शब्दाचा फरक दिसतो, पण त्यामागे एक मोठा प्रश्न उभा आहे. नावाचे मोल त्याच्या नवेपणात आहे की आणखी कशात?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आपल्याच घरातले एक जुने नाव घेऊ : जैनबी.

मराठवाड्यातील मुस्लिम वस्त्यांत आजीच्या पिढीत हे नाव सर्रास आढळते. मूळ अरबी नाव 'जैनब'. अरबी कोशकारांनी त्याचा अर्थ दिसायला सुंदर आणि सुगंधी असे एक झाड, असा दिला आहे. त्याला 'बीबी' या आदरार्थी शब्दाचे 'बी' हे लघुरूप जोडले गेले आणि दखनी बोलीत 'जैनबी' झाले. ज्या 'बीबी'चा मान औरंगाबादच्या मकबऱ्याच्या नावात आहे, तोच मान आपल्या पूर्वजांनी शेतात निंदणी करणाऱ्या आपल्या लेकीलाही दिला. फातमाबी, हुसेनबी, रसूलबी ही नावे त्याच घडणीची आहेत.

जैनब हे नाव इस्लामच्या आधीपासून अरबांत होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या थोरल्या कन्येचे नाव जैनब (रजि.) होते आणि त्यांचा जन्म प्रेषितत्वापूर्वीचा आहे. गोरगरिबांना जेवू घालण्यामुळे 'उम्मुल मसाकीन', म्हणजे दीनांची आई, म्हणून ओळखल्या गेलेल्या आदरणीय पत्नी जैनब बिन्ते खुजैमा (रजि.) होत्या. हिजरी सन 61, म्हणजे इ.स. 680 मध्ये करबलाच्या संहारानंतर कैदेत असतानाही सत्तेपुढे निर्भयपणे बोलणाऱ्या, प्रेषितांच्या नात, जैनब बिन्ते अली (रजि.) होत्या. दख्खनमध्ये शतकानुशतके मोहरमच्या निमित्ताने करबलाची कथा खेडोपाडी सांगितली गेली. त्या प्रथांविषयी मतभेद आहेत. पण हसन, हुसेन, जैनब ही नावे घरोघरी रुजण्यात त्या कथनाचा मोठा वाटा आहे, हे मान्य करावे लागेल.

मग हे नाव मागे का पडले? आमच्या मातांच्या पिढीत शबाना, परवीन, नसरीन, शाहीन अशी फारसी वळणाची नावे आली. पुढे मुस्कान आली. सानिया मिर्झा टेनिसमध्ये चमकल्यावर कितीतरी घरांत सानिया जन्मल्या. आता मोबाइलवर शोधून लाइबा, इनाया, आयरा ही नावे येतात. या काळात 'जैनबी' हे खेडवळपणाचे चिन्ह ठरले. सासूबाईंचे नाव नातीला द्यावे असे म्हटले, तर सून संकोचून म्हणते, "शाळेत हसतील."

गंमत अशी की तेच नाव आता परत येत आहे. मात्र 'झैनब' म्हणून. 'बी' गळाला, उच्चार अरबी झाला आणि जुने नाव आधुनिक ठरले. मराठीत हे नवे नाही. सईबाई आणि रमाबाई यांतला 'बाई' गळाला आणि सई, रमा ही नावे शहरी घरांत मोठ्या हौसेने ठेवली जाऊ लागली. दोन्हीकडे घडले ते एकच. नाव आवडले, पण ते ज्या आजीच्या अंगावर होते, त्या आजीचे लुगडे आवडले नाही.

येथे जैनब या नावाशी निगडित एक हदीस लक्षात घेतली पाहिजे. सहीह मुस्लिममध्ये उल्लेख आहे की जैनब बिन्ते अबी सलमा (रजि.) यांचे पहिले नाव 'बर्रा', म्हणजे पुण्यवती, असे होते. प्रेषितांनी (स.) ते बदलले. तुम्ही स्वतःला पवित्र ठरवू नका, तुमच्यात सदाचारी कोण हे अल्लाह जाणतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मग नाव काय ठेवावे, असे विचारले असता त्यांनी 'जैनब' हे नाव सुचवले. आदरणीय जैनब बिन्ते जहश (रजि.) यांचेही पहिले नाव बर्रा असल्याचा उल्लेख येतो. स्वतःच्या पावित्र्याचा दावा करू नये, ही शिकवण कुरआनच्या 53 व्या अध्यायातील 32 व्या आयतीत आहे.

'बर्रा'चा अर्थ वाईट नव्हता. तो फारच चांगला होता, आणि तीच अडचण होती. ज्या नावाने मुलीची आधीच स्तुती होते, ते बाजूला सारून प्रेषितांनी एका झाडाचे साधे नाव दिले. झाड स्वतःचे गुण सांगत नाही. त्याच्या सावलीवरून आणि सुगंधावरून ते कळतात. आज आपण नेमके उलट करतो. साधे नाव टाकून असे नाव शोधतो, जे ऐकताच समोरच्याने विचारावे, "अरे वा, हे कुठून आणले?" नाव मुलीला हाक मारण्यासाठी असते. ते आई-वडिलांच्या हुशारीची जाहिरात झाले की त्याचा हेतूच हरवतो.

याचा अर्थ जुने ते सारे राखलेच पाहिजे, असा नाही. सहीह बुखारीत हज्न नावाच्या एका गृहस्थांचा प्रसंग आहे. हज्न म्हणजे खडकाळ, कठीण जमीन. प्रेषितांनी (स.) त्यांना 'सहल', म्हणजे सपाट, सुगम, हे नाव सुचवले. वडिलांनी दिलेले नाव मी बदलणार नाही, असे ते म्हणाले. त्यांचे नातू, थोर विद्वान सईद इब्ने मुसय्यब सांगत असत की तो कठोरपणा पुढे आमच्या घराण्यात राहून गेला. म्हणजे पूर्वजांचा आग्रह हाही स्वतंत्र निकष नाही. दगडू, फकीरा ही नावे कुणी ठेवली नाहीत म्हणून दुःख करण्याचे कारण नाही. पण ज्या नावाचा अर्थ निर्मळ आहे, त्याला केवळ लाजेपोटी सोडणे ही वेगळी गोष्ट आहे.

काही पालकांची अडचण याहून गंभीर आहे. मुलीचे नाव ऐकून शाळेत, भाड्याची खोली शोधताना किंवा नोकरीच्या अर्जात तिला वेगळे पाडले जाईल, ही त्यांची भीती असते. म्हणून ते धर्म न सांगणारे नाव मागतात. अशा पालकांना दोष देणे योग्य नाही. नाव अरबीच हवे, अशी शरीअतची अटही नाही. अर्थ चांगला असेल तर कोणत्याही भाषेतील नाव चालते. तरीही एक विचार मांडावासा वाटतो. कुरआनच्या 49 व्या अध्यायात माणसांची कुळे आणि जमाती परस्पर ओळखीसाठी केल्याचे सांगितले आहे आणि त्याच अध्यायात एकमेकांना हिणवणाऱ्या नावांनी हाक मारण्यास मनाई आहे. ओळख ही अल्लाहची योजना आहे. ओळखीवरून हिणवणे हा माणसाचा अपराध आहे. अपराध दुसऱ्याचा असताना आपल्या लेकीने आपले नाव लपवून त्याची भरपाई का करावी? शिवाय नाव लपवले तरी आडनाव उरतेच.

शेवटी नावाला मोल कोण देते? प्रेषितांनी (स.) आपल्या पत्नींना सांगितले होते की तुमच्यापैकी जिचा हात सर्वांत लांब, ती सर्वांत आधी मला येऊन मिळेल. त्या आपापले हात मोजू लागल्या. प्रेषितांनंतर प्रथम निधन झाले ते जैनब बिन्ते जहश (रजि.) यांचे. त्या स्वतःच्या हातांनी काम करीत आणि मिळेल ते दान करीत. तेव्हा लांब हाताचा अर्थ कळला.

आपल्या गावांतील जैनबींचे हातही तसेच होते. त्यांनी कापूस वेचला, हळद निवडली, परक्यांच्या बाळंतिणींसाठी गोधड्या शिवल्या आणि त्यातून वाचवलेला पैसा नातवंडांच्या मदरशाला आणि शाळेला लावला. त्यांना अरबी उच्चार जमला नसेल. नावाचा अर्थ मात्र त्या जगल्या. म्हणून नातीचे नाव 'झैनब' ठेवा, 'जैनबी' ठेवा किंवा दुसरे कोणतेही चांगले नाव ठेवा. पण ती जाणती झाली की तिच्या पणजीचे नाव काय होते आणि तिने काय केले, हे तिला जरूर सांगा. अल्लाह आपल्या लेकींना चांगली नावे आणि त्या नावांना साजेसे आचरण देवो. आमीन.